पहाटेचे भजन, दोन दासी आणि एका रोमन सुभेदाराचे पत्र

१/
इ.स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानात, एक रोमन सुभेदार पेचात पडला होता. त्याच्यापुढे काही माणसे उभी करण्यात आली होती आणि त्यांच्यावरचा आरोप एवढाच होता की ती ख्रिस्ती आहेत. त्यांना शिक्षा करावी तर नेमकी कोणत्या गुन्ह्याबद्दल, हे त्याला उमगेना. अखेर त्याने सम्राट त्राजानला पत्र लिहून सल्ला विचारला. ख्रिस्ती उपासनेचे एका परक्या माणसाने केलेले सर्वांत जुने उपलब्ध वर्णन याच पत्रात सापडते.

२/
हा सुभेदार म्हणजे धाकटा प्लिनी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीचा हा भाचा. वकिलीत मुरलेला, लेखक म्हणून नावाजलेला आणि सम्राटाच्या विश्वासातला. बिथिनिया-पाँतस प्रांताची विस्कटलेली घडी बसवण्यासाठी त्राजानने त्याला तेथे धाडले होते. दोघांचा पत्रव्यवहार प्लिनीच्या पत्रांच्या दहाव्या खंडात आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०८ मध्ये हा खंड पूर्ण छापला. त्याचे मूळ हस्तलिखित पुढे नाहीसे झाले, पण छापील पाठ टिकला.

३/
या पत्रामागची रोमन मनोवृत्ती कळण्यासाठी एक दुसरी घटना उपयोगी पडते. निकोमीडिया शहरात मोठी आग लागली आणि घरांसह दोन सार्वजनिक इमारती भस्मसात झाल्या. दीडशे कारागिरांचे अग्निशामक पथक नेमण्याची परवानगी प्लिनीने मागितली. त्राजानने ती नाकारली. कोणत्याही निमित्ताने माणसे एकत्र जमली की त्यांचे रूपांतर लवकरच राजकीय टोळीत होते, अशी त्याची धारणा होती. आग विझवण्यासाठी जमणारे १५० लोक ज्या राजवटीला धोक्याचे वाटत, तिला रात्र संपण्यापूर्वी गुपचूप जमणारे लोक कसे वाटले असतील?

४/
प्लिनीने चौकशीची एक पद्धत ठरवली. आरोपीला तो विचारी, ‘तू ख्रिस्ती आहेस काय?’ होकार आला की शिक्षेची धमकी देऊन तोच प्रश्न दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा. तरीही उत्तर बदलले नाही तर मृत्युदंड. त्यांतले रोमन नागरिक मात्र रोमला पाठवले जात. त्यांचा गुन्हा काय आहे याबद्दल प्लिनी साशंक होता. पण त्यांचा हट्ट आणि न वाकणारा ताठा हाच शिक्षेस पुरेसा आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

५/
मग एक निनावी यादी आली. तिच्यात पुष्कळ नावे होती. आपण ख्रिस्ती नाही असे सांगणाऱ्यांसाठी प्लिनीने तीन कसोट्या ठेवल्या. त्याच्या मागोमाग रोमन देवतांचा धावा करायचा. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहायचे. आणि शेवटी ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे. जे खरोखर ख्रिस्ती असतात त्यांना यांपैकी एकही गोष्ट करायला भाग पाडता येत नाही, असे आपण ऐकले आहे, ही त्याची नोंद या पत्रातील सर्वांत बोलकी नोंद म्हणावी लागेल.

६/
रोमन जगाला आणखी एका देवाचे वावडे नव्हते. इजिप्तची इसिस, इराणी नावाचा मिथ्रास असे कितीतरी देव साम्राज्यात सुखाने नांदत होते. ख्रिस्ताचीही एक मूर्ती त्या रांगेत बसली असती तर प्लिनीला पत्र लिहावे लागले नसते. अडचण होती ती बाकीच्या सर्वांना दिलेल्या नकाराची. त्यामुळे चिमूटभर धूप वाहणे किंवा न वाहणे एवढ्यावर माणसाचे मरण ठरू लागले. कोणाची उपासना करतोस आणि कोणाचा शिष्य आहेस, हे दोन प्रश्न त्या न्यायासनापुढे एकच झाले.

७/
कसोटीला उतरलेल्यांत काही जण असे होते की जे पूर्वी ख्रिस्ती होते आणि आता नव्हते. कोणी तीन वर्षांपूर्वी सोडले होते, कोणी त्याहून आधी, एखाद्याने तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. त्यांनी जबानी दिली: आमचा सारा अपराध एवढाच, की आम्ही एका ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमत असू आणि ख्रिस्ताला देव मानून त्याच्यासाठी आळीपाळीने पद म्हणत असू. मग आम्ही शपथ घेत असू आणि पांगत असू. नंतर पुन्हा एकत्र येऊन जेवत असू. ते अन्नही साधे आणि निरुपद्रवी असे.

८/
या शपथेत कट-कारस्थानाचा मागमूस नव्हता. चोरी करणार नाही, वाटमारी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही, एवढेच तिचे कलम. प्लिनीने शपथेसाठी वापरलेला लॅटिन शब्द आहे ‘साक्रामेंतुम’. रोमन सैनिक सम्राटाशी निष्ठेची जी शपथ घेत, तिलाही हाच शब्द होता. पुढे लॅटिन भाषिक ख्रिस्ती लेखकांनी तो स्नानविधी आणि प्रभुभोजन यांसारख्या संस्कारांसाठी रूढ केला.

९/
या जबानीचे मोल जोखताना सावधगिरी हवी. बोलणारे लोक जीव वाचवू पाहत होते, त्यामुळे आपला जुना पंथ होता त्याहून निरागस दाखवण्याकडे त्यांचा कल असणार. ऐकणारा परका होता आणि त्याने सारे आपल्या रोमन शब्दांत मांडले. ‘पद’ म्हणजे स्तोत्र की श्रद्धावचन, यावर अभ्यासकांत वाद आहे. असे असूनही या वर्णनाचा सांगाडा ख्रिस्ती लोकांच्या स्वतःच्या जुन्या लिखाणाशी जुळतो: ठरलेला दिवस, ख्रिस्ताचे स्तवन, आचरणाचा निर्धार आणि एकत्र भोजन.

१०/
हा दिवस कोणता, ते प्लिनी सांगत नाही. पण तो रविवार असावा असे मानण्यास भक्कम आधार आहे. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून एक समर्थनपर ग्रंथ लिहिला. सूर्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिवशी शहरांतले आणि खेड्यांतले लोक एकत्र येतात, असे तो सांगतो. आधी प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग प्रमुखाचे प्रवचन, उभ्याने प्रार्थना, आणि त्यानंतर भाकर व पाणी मिसळलेला द्राक्षारस.

११/
जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक तो प्रसाद घरी नेऊन देत. ऐपत असलेले लोक स्वेच्छेने पैसे देत आणि त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले आणि परगावचे पाहुणे यांची सोय होई. रविवारच का, याची दोन कारणे जस्टिन देतो. त्या दिवशी देवाने सृष्टीच्या निर्मितीला आरंभ केला. आणि शनिवारच्या आदल्या दिवशी वधस्तंभावर मारलेला येशू त्याच दिवशी मेलेल्यांतून उठला. अशा रीतीने दर आठवड्याचा आरंभ पुनरुत्थानाच्या स्मरणाने होत असे.

१२/
पण मग पहाटच का? चारही शुभवर्तमानांत स्त्रिया कबरेकडे जातात ती सकाळची वेळ आहे, हे एक कारण असू शकेल. दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. त्या काळी रविवार हा कामाचा दिवस होता. रोमन लोकांत साप्ताहिक सुट्टीची चालच नव्हती. शहरांतले न्यायालय आणि कारखाने रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइनने काढला तो इ.स. ३२१ मध्ये, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना वगळले होते. गुलामाला किंवा मजुराला उपासना करायची तर ती धन्याने हाक मारण्यापूर्वीच आटोपणे भाग होते.

१३/
ज्याच्यासाठी हे लोक झोपमोड करीत होते, त्याचा मृत्यू कसा झाला होता? इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा कारभार पाहणाऱ्या पंतय पिलाताने त्याला वधस्तंभावर खिळवले होते. ही शिक्षा मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये क्रासुसने सहा हजार कैद्यांना आपियन मार्गाच्या कडेने असेच टांगले होते. मरण हळूहळू यावे, चारचौघांत यावे आणि पाहणाऱ्याच्या मनात कायमची धास्ती बसावी, हा तिचा हेतू असे.

१४/
मराठी बायबलमध्ये यासाठी योजलेला ‘वधस्तंभ’ हा शब्द या दृष्टीने अतिशय नेमका आहे. ‘क्रूस’ म्हटले की चर्चच्या शिखरावरचे किंवा गळ्यातले चिन्ह आठवते. ‘वधस्तंभ’ म्हटले की मारण्याचा खांब दिसतो. माझ्यामागे येऊ पाहणाऱ्याने आपला वधस्तंभ उचलावा, असे येशूचे बोलणे शुभवर्तमानांत आहे. रोमन जगातील श्रोत्याला त्यात कोणतेही रूपक शोधावे लागत नव्हते. आडवे लाकूड खांद्यावर घेऊन वधस्थानाकडे चाललेला माणूस त्याने कदाचित स्वतः पाहिलेला असे. शिष्यत्वाचे हे चित्र त्या काळी भीषण होते.

१५/
गुरूला अशी शिक्षा झाली की अनुयायी पांगतात, आणि शुभवर्तमानांनुसार येशूचे शिष्यही आधी पांगलेच. काही काळातच तेच लोक यरुशलेमेत सांगू लागले की देवाने त्याला उठवले आहे. पुनरुत्थान घडले काय, हा श्रद्धेचा प्रश्न. ते घडले अशी खात्री शिष्यांना अगदी आरंभापासून होती, ही इतिहासाला दिसणारी गोष्ट. पौलाने करिंथच्या मंडळीला इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात उठलेल्या ख्रिस्ताचे दर्शन झालेल्यांची यादी आहे. हे आपल्यालाही इतरांकडूनच मिळाले, असे तो तेथे सांगतो. म्हणजे ती परंपरा पत्राहून जुनी.

१६/
त्याच पत्रात प्रभुभोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आहे, आणि तो एका भांडणाच्या निमित्ताने आलेला आहे. करिंथमध्ये सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पौल संतापतो. ही भाकर आणि हा प्याला म्हणजे प्रभूच्या मरणाची घोषणा आहे; मग ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता कसे, असा त्याचा सवाल आहे. भोजनात एकमेकांसाठी थांबा, असे तो सांगतो. ज्याच्या मरणाचे स्मरण करायचे, त्याला न शोभणारी पंगत त्याच्या लेखी उपासनाच नव्हती.

१७/
मंडळीत प्रवेश करण्याचा विधी बाप्तिस्म्याचा. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल त्याचा अर्थ सांगतो: पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात चालू लागणे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे ख्रिस्ती उपासनेसाठी फेरबदल केलेले तिसऱ्या शतकातले घर उत्खननात मिळाले. तेथल्या बाप्तिस्म्याच्या खोलीत भिंतीवर काही स्त्रिया एका मोठ्या पांढऱ्या वास्तूकडे चाललेल्या दिसतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती येशूची कबर आहे. हौदात उतरणाऱ्याच्या नजरेसमोर पुनरुत्थानाची पहाट रंगवलेली होती.

१८/
आता पुन्हा प्लिनीच्या कचेरीत. माजी ख्रिस्ती लोकांची जबानी त्याला पुरेशी वाटली नाही. खरे काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. यात त्याला काही गैर वाटले नाही. गुलामाची साक्ष यातना देऊनच घ्यावी, असा रोमन न्यायव्यवहार होता. या दोघींना त्यांचे लोक ‘मिनिस्त्राए’ म्हणत, असे तो लिहितो. त्याचा अर्थ सेविका. किंख्रिया गावच्या फिबीला पौलाने मंडळीची सेविका म्हटले आहे. त्याच प्रकारचे पद या दोघींकडे असावे.

१९/
धन्याच्या घरात दासी असलेल्या दोन स्त्रिया पहाटेच्या सभेत मंडळीच्या सेविका होत्या. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताने दासाचे रूप धारण केले आणि वधस्तंभाचे मरण पत्करले. ग्रंथांतून हे वाक्य वाचणाऱ्या विद्वानापेक्षा त्या दोघींना ते अधिक जवळून कळले असेल. दासांना मिळणारे मरण ज्याला आले, त्यालाच देवाने उठवले, ही वार्ता दासीच्या कानावर कशी पडत असेल याची कल्पना करता येते.

२०/
याचा अर्थ आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी गुलामगिरी मोडली, असा मात्र नाही. नव्या करारातील काही पत्रे दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगतात आणि पुढे शतकानुशतके ख्रिस्ती लोकांच्या पदरी गुलाम होते. एकाच ताटलीतली भाकर खाणारे धनी आणि दास उजाडल्यावर आपापल्या जागी परतत. उपासनेत मान्य झालेली समता दिवसाच्या व्यवहारात उतरवणे त्या पिढीला साधले नाही, आणि तिच्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनाही नाही.

२१/
छळ करून प्लिनीच्या हाती काय लागले? कट नाही, शस्त्रे नाहीत, नरबळी नाही. एक विकृत आणि बेसुमार अंधश्रद्धा, एवढाच त्याचा निष्कर्ष. पण ती शहरांतच नव्हे तर खेड्यापाड्यांत आणि शेतवाड्यांतही पसरली आहे, सर्व वयांचे आणि सर्व थरांचे स्त्री-पुरुष तिच्यात सापडले आहेत, असे तो कळवतो. ओस पडू लागलेल्या मंदिरांत आता पुन्हा वर्दळ होऊ लागली आहे आणि बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे, असे सांगून तो सम्राटाला दिलासाही देतो.

२२/
त्राजानचे उत्तर थोडक्यात होते. या लोकांचा शोध घेत फिरू नये. कोणी रीतसर तक्रार केली आणि आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करावी. जो नाकारेल आणि आमच्या देवांची पूजा करून ते दाखवून देईल त्याला माफी. निनावी यादी मुळीच ग्राह्य धरू नये. ते आपल्या काळाला शोभत नाही. सुमारे ८५ वर्षांनी कार्थेजच्या टर्टुलियनने या उत्तरातील विसंगतीवर बोट ठेवले: गुन्हेगार असतील तर शोधत का नाही, आणि निरपराध असतील तर मारता का?

२३/
सामान्य रोमन माणसाला हा सारा प्रकार हास्यास्पद वाटे, याचा पुरावा रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर १८५७ मध्ये मिळाला. भिंतीवर कोणी तरी टोकदार वस्तूने एक चित्र कोरले आहे. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, त्याच्यापुढे हात उंचावून उभा एक जण, आणि खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरांत टोमणा, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे. हे चित्र बहुधा इ.स. २०० च्या आसपासचे असावे. ख्रिस्ताच्या वधाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक, ते असे चेष्टेचे आहे.

२४/
इतकी चेष्टा होऊनही मध्यभागी वधस्तंभ राहिला. उपासनेचे वर्णन करणाऱ्या जस्टिनचा रोममध्ये इ.स. १६५ च्या सुमारास शिरच्छेद झाला. देवतांना बली अर्पण करण्यास त्याने नकार दिला होता. इ.स. ३१३ नंतर राजाश्रय आला, घरांच्या जागी भव्य बासिलिका उभ्या राहिल्या, आणि चौथ्या शतकात वधस्तंभाची शिक्षा साम्राज्यातून लोपली. तो खांब डोळ्यांनी पाहिलेली माणसे उरली नाहीत, तेव्हा कुठे तो उघडपणे कलेत दिसू लागला. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावरचे पाचव्या शतकातले शिल्प त्याच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी आहे.

२५/
राजाश्रयानंतर ख्रिस्ती असणे सोयीचे झाले आणि पुढे कधी कधी सक्तीचेही. तेव्हापासून शिष्यत्व म्हणजे काय, हा प्रश्न नव्याने विचारावा लागला; वाळवंटात निघून गेलेल्या संन्याशांपासून अनेकांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. बिथिनियातल्या लोकांपुढे तो प्रश्न इतका गुंतागुंतीचा नव्हता. दर आठवड्याला एका पहाटे त्यांना ठरवावे लागे की अंथरुणातून उठून त्या घराकडे जायचे की नाही. परत येताना त्यांच्याजवळ एक शपथ असे, आणि तीत शेजाऱ्याची ठेव परत करण्याचे कलम असे.

२६/
प्लिनीच्या पत्रात त्या दोन दासींची नावे नाहीत. यातना देऊनही त्यांच्याकडून काहीच निघाले नाही, ही त्याची तक्रार तेवढी उरली आहे. पण त्या ज्या सभेत सेवा करीत होत्या तिचा दिवस, तिचे पद, तिची शपथ आणि तिचे भोजन त्याच तक्रारीच्या कागदावर नोंदले गेले, आणि म्हणून आज वाचता येते.